तेराव्या शतकातील स्थाने क्यूजीआयएसवर मांडताना आलेल्या अडचणी

गोदाकाठ

नमस्कार.

मी मराठीची संशोधक विद्यार्थिनी असून महानुभाव वाङ्मयातील स्थळवर्णने हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. लीळाचरित्र या श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रग्रंथात स्वामी जेथे जेथे वसतीस राहिले, जेथे भिक्षेला गेले किंवा जेथून नुसते पुढे निघाले, त्या गावांच्या नोंदी मी दोन वर्षांपासून वहीत करीत आहे. जोडीला डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली स्थानपोथी आहेच. कोणते देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला होते आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, अशा तपशिलांसाठी मला तिचाच आधार आहे. नोंदी आता चारशेच्या पुढे गेल्या आहेत. त्या नकाशावर आल्याखेरीज त्यांतील दाटी आणि विरळपणा कळणार नाही, असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. परंतु भूगोलाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला, ही खरी अडचण आहे.

क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते म्हणून तेच संगणकावर घेतले आणि दोन आठवडे धडे पाहिले. जवळपास सर्व धडे वॉर्डांच्या सीमा, पर्जन्यमान किंवा पिकांखालील क्षेत्र यांविषयीचे असून त्यांत माहिती आधीच तयार असते. मला ती पोथीतून काढावयाची आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. शेवटी मी एक्सेलमध्ये गाव, अक्षांश आणि रेखांश असे तीन रकाने केले, चाळीस गावे भरली आणि ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराची) फाइल आत घेतली. गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटल्या. चाळिसांपैकी सव्वीसच बिंदू दिसले. पहिल्या ओळी मी इंग्रजी कळफलकावर टंकित केल्या होत्या आणि नंतरच्या मराठी, त्याचा याच्याशी संबंध आहे का, हे कळत नाही. पैठण उमटले, पण ते नॉर्वेच्या उत्तरेस भर समुद्रात. दक्षिण काशी म्हणवणारे नगर उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागलेले पाहून त्या दिवशी संगणक मिटून ठेवला. ती ओळ अशी होती: पैठण, १९.२८, ७५.२३. हे आकडे मी एका जुन्या गॅझेटियरमधून घेतले आहेत.

ही चूक नेमकी कोठे होत आहे, हे कोणी सांगितल्यास आभारी राहीन. त्याशिवाय दोन गोष्टी विचारावयाच्या आहेत. ज्या गावांची आज ओळखच पटत नाही, किंवा ज्यांच्या नावाची पाच-सहा गावे आहेत, त्यांचे काय करावे? आणि गोदावरीकाठची जी गावे जायकवाडीच्या जलाशयात गेली, त्यांच्या मूळ जागा कोठून मिळवाव्यात?

पाटीपेन्सिल

आपण तीन वेगवेगळ्या चुका एकाच फाइलमध्ये केल्या आहेत आणि त्यांतील एकही चूक नकाशाची नाही, तिन्ही तक्त्यातल्या आहेत. म्हणून संगणक पुन्हा उघडावा.

पैठणचे आधी पाहू. क्यूजीआयएस एक्स म्हणून रेखांश मागते आणि वाय म्हणून अक्षांश. आपण बोलताना अक्षांश-रेखांश असा क्रम लावतो, त्यामुळे पहिला रकाना पहिल्या चौकटीत जातो आणि महाराष्ट्रातले गाव पंचाहत्तर अंश उत्तरेला, बेअर बेटाच्या आसपास जाऊन पडते. रकान्यांची शीर्षके इंग्रजीत असतील तर पुष्कळदा ते स्वतःच ओळखून घेते. मराठी असली की निवड आपल्यावर येते. मात्र ही अदलाबदल दुरुस्त केल्यावरही पैठण पैठणला येणार नाही, ते शेवगावच्या दक्षिणेस जाऊन बसेल. गॅझेटियरमधला १९.२८ हा आकडा दशांश नसून तो १९ अंश २८ मिनिटे असा वाचावयाचा असतो. मिनिटांना साठाने भागले म्हणजे १९.४७ हा दशांश अक्षांश मिळतो आणि ७५ अंश २३ मिनिटांचे ७५.३८ होतात. एवढ्या फरकाने गाव नैऋत्येला पंचवीस किलोमीटरहून अधिक सरकते. उत्तर ध्रुवाकडची चूक निदान लपत तरी नाही. ही दुसरी चूक चारशे बिंदूंत मिसळून जाते आणि प्रबंध छापून झाल्यावर एखादा शेवगावकर ती दाखवून देतो.

न दिसलेल्या चौदा ओळींत आकडे देवनागरी अंकांत असणार. क्यूजीआयएस त्यांना संख्या मानत नाही, अक्षरे मानते आणि ती ओळ सोडून देते. प्रश्नचिन्हे आली ती एक्सेलमुळे. साठवताना नुसते सीएसव्ही न निवडता यादीतील सीएसव्ही यूटीएफ-८ हा देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारा पर्याय निवडावा. लिबरऑफिस कॅल्क वापरत असाल तर ते साठवतानाच अक्षरसंच विचारते.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण तिने माझा एक महिना खाल्ला आहे. फाइल शेपफाइल या स्वरूपात साठवू नये. त्या जुन्या स्वरूपात रकान्याचे नाव दहा बाइटांपेक्षा मोठे चालत नाही आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे तीन चिन्हांत नाव संपते. मी ‘मूळनाव’ आणि ‘मूळपाठ’ असे दोन रकाने केले होते. दोन्ही ‘मूळ’वर कापले गेले आणि कोणते कोणते हे मलाच समजेना. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे चौऱ्याऐंशी चिन्हांनंतर आपली टीप तुटते. जिओपॅकेज हे स्वरूप निवडल्यास यांपैकी काहीच होत नाही.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. आपली वही गावांची आहे की उल्लेखांची? माझ्या अनुभवानुसार हा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवला नाही तर पुढचे सर्व काम दोनदा करावे लागते. रिद्धपूर एकच आहे, पण ते कितीतरी लीळांत, म्हणजे प्रसंगांत, येते आणि प्रत्येक ठिकाणी घडते ते वेगळे. म्हणून दोन तक्ते करावेत. पहिल्यात प्रत्येक उल्लेखाला एक ओळ द्यावी: लीळेचा क्रमांक, ग्रंथाचा भाग (एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध), कोणत्या पाठातून, म्हणजे कोणत्या हस्तलिखिताच्या मजकुरातून, घेतली, ग्रंथात नाव जसे लिहिले आहे तसेच, तेथे काय घडले आणि शेवटी स्थानाचा एक सांकेतिक क्रमांक. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक स्थानाला एकच ओळ असावी आणि अक्षांश-रेखांश फक्त तेथेच असावेत. उद्या एखाद्या गावाची ओळख बदलली, तर एका ओळीत दुरुस्ती केल्यावर त्याचे सर्व उल्लेख आपोआप नव्या जागी जातात.

स्थानांच्या तक्त्यात ‘ओळख कशावरून पटली’ आणि ‘खात्री किती’ हे दोन रकाने हवेतच. डोमेग्राम म्हणजे आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर, असे परंपरा मानते. नुसत्या नावाने शोधले असते तर ते कधीही सापडले नसते, कारण तेथे नाव टिकले नाही, स्थान मानण्याची परंपरा टिकली. याउलट एखाद्या पिंपळगावाचे किंवा बोरगावाचे नाव जसेच्या तसे टिकलेले असते, पण त्याच नावाची गावे प्रत्येक तालुक्यात निघतात आणि बुद्रुक-खुर्द यांची जोडी त्यात भर घालते. हे दोन बिंदू नकाशावर सारखेच भरीव आणि सारखेच लाल दिसले, तर तो नकाशा खोटे बोलतो. परंपरा आणि दिशा दोन्ही जुळतात तेथे भरीव वर्तुळ, केवळ नाव जुळते तेथे पोकळ वर्तुळ अशी चिन्हे क्यूजीआयएसमध्ये त्या रकान्यावरूनच लावता येतात. ज्याची ओळख अजिबात पटत नाही, त्याची ओळ ठेवावी आणि अक्षांशाची जागा रिकामी सोडावी. तालुक्यापर्यंत अंदाज असेल तर बिंदू न देता दहा किलोमीटरचे वर्तुळ काढावे. मात्र ते काढण्याआधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत, बदलून मीटरमध्ये मोजणारे घ्यावे. अंशांवर चालणाऱ्या लेयरला, म्हणजे नकाशाच्या थराला, त्रिज्या ५ सांगितली, तर ते पाच अंशांचे, म्हणजे उत्तर-दक्षिण साडेपाचशे किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून देते. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा यांसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर हा पट्टा चालतो. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, ४४ वा पट्टा लागतो.

जिल्ह्यांच्या नावांवरून तक्ते जोडू नयेत, हेही जाता जाता सांगतो. २०११ च्या जनगणनेच्या फायलींत औरंगाबाद आणि अहमदनगर आहे, नव्या फायलींत छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर. जालना तर १९८१ मध्ये वेगळा झाला, म्हणून जुन्या साधनांत त्याची गावे औरंगाबादेत शोधावी लागतात. जनगणनेतील गावाचा संकेतांक घ्यावा आणि त्यावरून जोडावे.

एक इंच एक मैल

पाटीपेन्सिल यांनी तक्त्याचे सांगितले आहे. मी बुडालेल्या गावांपुरते लिहितो.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची आणि धरण पूर्ण झाले १९७६ मध्ये. त्यामुळे आपल्याला त्याआधीचा नकाशा हवा. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताची यू ५०२ नावाची मालिका अडीच लाखांत एक या प्रमाणावर छापली होती. तिची पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील ग्रंथालयाने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. त्यांत गोदावरी धरणाआधीच्या पात्रातून वाहते आणि दोन्ही काठांची गावे नावांनिशी दिसतात. आजच्या स्थितीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची पन्नास हजारांत एक या प्रमाणाची ओपन सीरिज पत्रके त्या विभागाच्याच संकेतस्थळावरून घेता येतात.

अशा पत्रकाचे चित्र क्यूजीआयएसमध्ये योग्य जागी बसवण्याच्या साधनाला जिओरेफरन्सर म्हणतात. जुन्या धड्यांत ते रास्टर मेन्यूत दाखवतात, नव्या आवृत्तीत ते लेयर मेन्यूत गेले आहे; आपल्याला सापडले नाही तर गोंधळू नये. त्याहून जुन्या धड्यांत सॉफ्टवेअरचेच नाव क्वांटम जीआयएस असे येते, ते २०१३ पर्यंतचे आहे. असे धडे वाचण्यास हरकत नाही, कारण विचार तोच राहतो, बटणे तेवढी हलली आहेत.

चित्र बसवण्यासाठी संदर्भबिंदू देताना बहुतेक नवशिके नदीचे वळण किंवा रस्त्यांचा फाटा धरतात. गोदावरीच्या बाबतीत हे करू नये, कारण वाळूच्या काठाचे वळण सत्तर वर्षांत जागेवर राहील याची हमी नाही. पत्रकावर अक्षांश-रेखांशांच्या खुणा छापलेल्या असतात. त्या जेथे छेदतात तेथे टिचकी मारावी आणि छापलेला आकडा, अर्थातच दशांश करून, हाताने भरावा. चित्र बसवण्याच्या पहिल्या घाताच्या बहुपदी रूपांतर या साध्या प्रकाराला तीन बिंदू पुरतात, पण तीनच दिले तर चूक किती राहिली हे कळतच नाही. मी आठ ते दहा देतो आणि मग प्रत्येक बिंदूपुढे दिसणारी उरलेली चूक वाचतो. एखाद्याचीच चूक इतरांच्या दसपट दिसली, तर बहुधा तेथे आकडा चुकीचा टंकित झालेला असतो. थिन प्लेट स्प्लाइन नावाचा पर्याय घेतला की सर्व चुका शून्य दिसतात आणि नवशिका हरखून जातो. तो पर्याय कागद रबरासारखा ताणून आपण दिलेल्या बिंदूंवर बसवतो, त्यामुळे तेथे चूक दिसणे शक्यच नसते; ती बिंदूंच्या मधल्या जागेत गेलेली असते.

किती अचूकता मागावी, हेही आधी ठरवावे. अडीच लाखांत एक या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर, आधारलेले असल्याने आजच्या जीपीएसच्या तुलनेत आपल्याकडे ते साधारण शंभर-दीडशे मीटर सरकतात. म्हणजे या पत्रकावर अर्धा मिलिमीटर. त्यासाठी झोप उडवून घेऊ नये. एक इंचास एक मैल या पत्रकांवर मात्र हाच फरक दोन मिलिमीटरांचा होतो आणि तेथे तो दुरुस्त करावा. एकोणिसाव्या शतकातील पत्रके हाती आली तर आणखी सावध राहावे. त्यांतले रेखांश मद्रास वेधशाळेच्या त्या काळी मानलेल्या रेखांशावरून मोजले असून ते सुमारे अडीच मिनिटांनी जास्त भरतात. आपल्या भागात त्याचे चार किलोमीटरहून अधिक होतात आणि गाव पूर्वेला सरकते. आपल्या जुन्या गॅझेटियरमधले आकडेसुद्धा याच कारणासाठी एकदा पडताळून पाहावेत.

पद्धतशीर शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील क्यूजीआयएसची मालिका पाहावी. प्रोग्रामिंग हिस्टोरियन या संकेतस्थळावरचे धडेही इतिहासाच्या अभ्यासकांसाठीच लिहिलेले आहेत. त्यांत उदाहरणे कॅनडातील असली तरी जुना नकाशा बसवण्याची रीत तीच आहे.

गोदाकाठ

दोघांचीही मी ऋणी आहे. पैठण पैठणला आले.

गेल्या दहा दिवसांत वही मोडून दोन तक्ते केले. चारशे बारा उल्लेखांची स्थाने एकशे त्रेसष्टच निघाली, आणि मी इतके दिवस गावे मोजत आहे असे समजत होते! यू ५०२ चे पत्रकही बसले. पहिल्या वेळी एका बिंदूची चूक भलतीच मोठी आली. पाहिले तर ३० मिनिटांचे मी ०.३० लिहिले होते, म्हणजे सांगूनही तीच चूक. नंतर ते पत्रक उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शकतेची पट्टी हळूहळू सरकवली. निळ्या पाण्याच्या मधोमध गावांची नावे, त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा आणि नदीचे अरुंद पात्र वर आले. ज्या दोन स्थानांवर मी ‘सापडत नाही’ असा शेरा मारला होता, त्यांच्याशी जुळणारी नावे तेथे आहेत. खात्रीच्या रकान्यात मी सध्या ‘केवळ नाव’ असेच लिहिले आहे.

आता हे बिंदू लीळांच्या क्रमाने रेषेने जोडावेत, म्हणजे स्वामींच्या भ्रमणाचा मार्ग दिसेल, असा विचार आहे. डोंगर-उतार लक्षात घेऊन सर्वांत कमी श्रमाची वाट काढून देणारे साधन क्यूजीआयएसमध्ये आहे असे वाचले. ते वापरावे का?

आडवाट

वापरून पाहावे, पण प्रबंधात घालू नये, असे माझे मत आहे.

ते साधन म्हणजे ग्रास या सॉफ्टवेअरमधील आर.वॉक, ते क्यूजीआयएसमधून चालवता येते. त्याला उंचीची माहिती लागते आणि त्यासाठी सहसा अवकाश-शटलवरून फेब्रुवारी २००० मध्ये घेतलेली, तीस मीटरच्या चौकटींची एसआरटीएम उंची वापरतात. सह्याद्रीच्या घाटवाटा शोधताना हे साधन खरोखर उपयोगी पडते, कारण तेथे वाट कोठून जावी हे चढच ठरवतो. गोदावरीच्या खोऱ्यात चढ फारसा नाहीच, त्यामुळे संगणक दोन गावांमध्ये जवळजवळ सरळ रेषा काढून देतो आणि आपल्याला वाटते की मार्ग सापडला. शिवाय आजच्या उंचीत नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे, पाणी ही एक सपाट, चालायला अत्यंत सोपी जमीन असते. मी प्रथम काढलेली वाट जलाशयावरून गेली होती.

त्याहून मोठी हरकत ग्रंथाची आहे. रेषा दोन गोष्टी ठामपणे सांगते: या गावानंतर ते गाव आले आणि मधली वाट ही होती. लीळांचा क्रम सर्व पाठांत एकसारखा नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मग रेषा कोणत्या पाठाची? आणि भिक्षेवर राहणारा, ठिकठिकाणी थांबत जाणारा विरक्त पुरुष सर्वांत कमी श्रमाची वाट धरतो, हे गृहीतक तरी कोठून आले? त्याला भिक्षेसाठी वस्ती लागते, पावसाळ्यात नदी आडवी येते आणि कधी तो मुद्दाम निर्जन जागी राहतो. हे सारे उंचीच्या आकड्यांत नाही.

ग्रंथात ‘तेथून अमुक गावी’ असे स्पष्ट आले असेल, तेवढ्याच जोड्या तुटक बाणांनी सरळ दाखवाव्यात, प्रत्येक पाठाचा वेगळा लेयर करावा आणि ते एकावर एक ठेवून पाहावेत. बाण जेथे जुळत नाहीत तेथेच आपल्या प्रबंधाला सांगण्यासारखे काही असेल, असा माझा कयास आहे. त्यासाठी उल्लेखांच्या तक्त्यात ‘आधीचे स्थान’ हा एक रकाना वाढवावा लागेल. ग्रंथ सांगत नसेल तेथे तो रिकामा राहू द्यावा.

पाटीपेन्सिल यांच्याशी माझा किंचित मतभेद आहे. खात्रीची पातळी स्थानाला लावण्याऐवजी उल्लेखाला लावावी. एकाच नावाचे गाव एका लीळेत नक्की ओळखता येते, कारण तेथे शेजारचे गाव सांगितलेले असते, आणि दुसऱ्या लीळेत तेच नाव एकटे येते. आणि पार्श्वभूमीला जिल्ह्यांच्या सीमा, लोहमार्ग आणि जलाशय ठेवू नयेत, नद्या पुरेत.

पाटीपेन्सिल

मतभेद मान्य आहे, माझ्याच तक्त्यात ही चूक आहे. मात्र स्थानाच्या ओळखीची खात्री आणि उल्लेखाची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने रकाना दोन्ही तक्त्यांत ठेवावा आणि चिन्ह दोहोंपैकी कमी असलेल्या पातळीवरून ठरवावे.

गोदाकाठ

रकाना दोन्हीकडे वाढवला आहे. ‘आधीचे स्थान’ भरण्यास पूर्वार्धापासून प्रारंभ केला. पहिल्या साठ ओळींत ते बावीस ठिकाणी स्पष्ट मिळाले आणि बाकीच्या जागा रिकाम्या आहेत. दुसऱ्या पाठाचा लेयर झाला की येथे कळवते.